आजार असला तरी विमा मिळतो, मग भांडण कशाचं?

डॅलसहून सुट्टीत पुण्याला आलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्याकडे आधीपासून आजार असला तरी विमा कंपनीला नाही म्हणता येत नाही ना? मग दर निवडणुकीत त्यावरून एवढं रान का पेटतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाकारायला बंदी हवी, असं आता बहुतेक पुढारी म्हणतात. तिचा खर्च कुणी उचलायचा, तिथे गाडी अडते.

२०१४च्या आधी टेक्सासमध्ये नोकरी सुटली आणि स्वतःचा विमा घ्यायची वेळ आली की आधी तब्येतीची चौकशी व्हायची. आमच्या शेजारच्या वहिनींचा अर्ज मी पाहिलाय. पानभर आजारांची नावं, प्रत्येकापुढे हो आणि नाहीचे चौकोन. त्यांनी मधुमेहापुढे 'हो'वर खूण केली आणि कंपनीने नकार कळवला. अशा नाकारलेल्यांसाठी राज्याची वेगळी योजना होती, पण तिचा हप्ता बाजारभावाच्या दुप्पट. वहिनी इन्सुलिन पुरवून पुरवून घेत राहिल्या. हे आठवलं की आजही मला संताप येतो.

ओबामांच्या २०१०च्या कायद्याने ते चौकोन गेले. पण नुसत्या बंदीने भागत नाही. न्यूयॉर्क राज्याने १९९३मध्येच ती आणली होती. धडधाकट लोक विम्याबाहेर राहिले, हप्ते चढले, मग आणखी लोक बाहेर पडले. म्हणून ओबामांच्या कायद्यात विमा न घेणाऱ्याला दंड होता आणि हप्ता भरायला सरकारी मदतही. दंड लोकांना कधीच पटला नाही. २०१९पासून तो शून्यावर आणला गेला, आणि त्याचाच आधार घेऊन आमच्या टेक्साससह काही राज्यं अख्खा कायदा रद्द करून घ्यायला कोर्टात गेली. फोर्ट वर्थच्या न्यायाधीशांनी त्यांना कौलही दिला. सुप्रीम कोर्टाने २०२१मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी दावा फेटाळला, तेव्हा कुठे वहिनींच्या घरी जीव भांड्यात पडला.

राहिली सरकारी मदत. २०२१मध्ये वाढवलेली मदत २०२५अखेर संपली. ती चालू ठेवायची की नाही यावरून त्या वर्षी ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प होतं.

तिशीतल्या निरोगी माणसाने दुसऱ्याच्या मधुमेहासाठी दंड का भरावा, हा प्रश्न मला गैर वाटत नाही. दंड नको तर नको. पण मग ही मदत करातून कायमची द्या, आणि मत मागायला याल तेव्हा तिचा आकडा सांगा.