बोअरच्या पाण्यात शेवाळ मरेना

तिसऱ्या दिवशी सकाळी शेकरवरून (सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावरून) शेवाळाचे फ्लास्क उतरवले आणि वाटलं, आपण लेबलंच उलटी चिकटवली. शेवाळ मारायला घातलेले चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) दोन्हीकडे सारखेच, लिटरला ५० मायक्रोग्रॅम. खडकवासला धरणाच्या पाण्यातले फ्लास्क जवळजवळ रंगहीन, आवारातल्या बोअरच्या पाण्यातले हिरवेगार.

हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या आखीव काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. मिलिलिटरला १०,००० पेशींपासून सुरुवात होती. चांदी न घातलेल्या फ्लास्कमध्ये ७२ तासांत त्या किमान सोळापट व्हायला हव्यात, नाहीतर चाचणी बाद. दोन्ही पाण्यांत तेवढ्या झाल्या होत्या. खाद्यही सारखंच घातलं होतं, फक्त ईडीटीए हे रसायन वगळून, कारण ते धातूचे आयन (भारित अणू) धरून ठेवतं. म्हणजे फरक पाण्याचाच.

मग दोन परीक्षानळ्यांत दोन्ही पाणी घेऊन चांदी दोनशेपट घातली, नुसता रंग दिसावा म्हणून. सुट्या कणांचा रंग पिवळा. धरणाच्या पाण्यात तो टिकला. बोअरच्यात बघता बघता राखाडी झाला, आणि मी जेवून येईपर्यंत तळाशी गाळ. माझ्या कणांवर सायट्रेटचा ऋण भार होता, त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. बेसाल्टमधून आलेल्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तो भार झाकतं, मग कण गुठळ्या करून खाली बसतात.

काचसामान धुणाऱ्या मावशींना नळ्या दाखवल्या. "ताई, जड पाणी ते. त्यात डाळ शिजत नाही, तुमची चांदी कुठली विरघळायला!" (डाळीचं खापरही कॅल्शियमवरच, ते डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन घट्ट करतं.) मला उत्तर पटलं. माझ्या गाइड मॅडमना सांगायला मी जवळजवळ पळतच गेले.

त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "सिल्व्हर नायट्रेटच्या फ्लास्कचं काय?"

तुलनेसाठी कणांऐवजी सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा विरघळणारा क्षार घातलेले ते फ्लास्क मी मोजलेच नव्हते. परत आले, मोजले. तिथे कण नाहीत, गुठळ्या नाहीत, चांदी आधीच विरघळलेली. तरीही बोअरच्या पाण्यात शेवाळ बऱ्यापैकी वाढलेलं, धरणाच्या पाण्यात साफ झोपलेलं. माझी गुठळ्यांची गोष्ट अर्धीच निघाली.

"क्लोराइड किती आहे त्या बोअरला?" मॅडम म्हणाल्या. "चांदीला क्लोराइड भेटलं की शेवाळाला मारणारे चांदीचे मोकळे आयन उरतात किती?"

पाण्याचा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, मी पहिल्याच दिवशी मोजला होता. क्लोराइड नाही. ब्युरेट (थेंब थेंब मोजून सोडायची काचनळी) धुवून घेतली आणि बोअरची बाटली पुन्हा बाहेर काढली. गंमत म्हणजे क्लोराइड मोजायचं तेही सिल्व्हर नायट्रेटनेच.