आयबीएसचं सर्टिफिकेट आणि ‘पासून–पर्यंत’चा रकाना

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याचा जुनाट त्रास. त्यासाठी दवाखान्याचं काम सुरळीत झालं. अडलं ते बेळगावातल्या कॉलेजच्या ऑफिसात, हजेरी कमी पडल्याच्या अर्जापाशी. त्यात आजारासाठी एकच रकाना: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. टायफॉइडला हे जमतं. आयबीएस दोन दिवस उसळतो, आठवडाभर गप्प बसतो आणि इंटर्नल परीक्षेच्या तोंडावर पुन्हा डोकं वर काढतो. ॲडमिट झालेलं नसतं, म्हणून डिस्चार्ज कार्ड नाही. वर रिपोर्ट नॉर्मल! खिडकीपलीकडून ‘मग झालंय काय?’ हे ठरलेलंच. अहो, रिपोर्ट नॉर्मल असूनही पोट बिघडतं, तोच तर हा आजार. पण हे खिडकीत उभं राहून समजावण्यात अर्थ नाही, कागदावरच हवं.

डॉक्टरांकडून ‘पोटाचा त्रास’ असं मोघम लिहून घेऊ नका. आजाराचं पूर्ण नाव, ओपीडीत दाखवलेल्या सगळ्या तारखा, ‘दीर्घकाळ चालणारा, अधूनमधून उसळणारा, ॲडमिट होण्याची गरज नसलेला’ हे वाक्य, सही, शिक्का आणि मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. परीक्षेत दाराजवळची जागा आणि मध्ये शौचालयाला जाण्याची परवानगी, हेही त्याच कागदावर. पासून–पर्यंतच्या रकान्यात ‘सोबतचं पत्र पाहावे’ लिहायचं. अर्ज इंग्रजीत असला की मराठी-कन्नडचा विषयच निघत नाही. आवक विभागात दिल्यावर आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्याच, नाहीतर ‘अर्ज मिळालाच नाही’ ऐकावं लागतं. किती टक्के सूट मिळते ते नियमावलीत असतं. सेमिस्टर संपायची वाट न पाहता वाचा.

निदानाचा हिशेब असा: गेल्या 3 महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान 1 दिवस पोटदुखी, आणि शौचाला गेल्यावर दुखणं कमी-जास्त होणं, शौचाच्या वेळा बदलणं, स्वरूप बदलणं यांपैकी किमान 2 गोष्टी. सुरुवात किमान 6 महिन्यांपूर्वीची हवी. म्हणून तारखांची वही आधीपासून ठेवा. डॉक्टरांना तीच लागते, ऑफिसलाही तीच उपयोगी पडते. शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, अंगातलं रक्त कमी होणं (ॲनिमिया), झोपेतून उठवणारे जुलाब यांतलं काही असेल तर तो आयबीएस समजून घरी बसू नका.

मेसमध्ये कांदा-लसूण, राजमा-छोले आणि चपाती ही नेहमीची गॅस करणारी मंडळी. ज्वारीची भाकरी बहुतेकांना सोसते, आणि बेळगावात ती मिळायला अडचण नाही. दूध बाधत असेल तर कुंदाही बेतानेच. मात्र सिलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार, त्याची टीटीजी ही रक्तचाचणी व्हायच्या आधी गहू बंद करू नका. गहू सोडलेल्याचा रिपोर्ट आजार असूनही नॉर्मल येऊ शकतो. हे मेसवाल्याशी बोलायच्या आधी ठरवा.

खानापूर, निपाणीहून रोज बसने येणाऱ्यांनी चहा-नाश्ता निघायच्या तासभर आधी उरकावा. खाल्ल्यावर आतडं हलतं, ती कळ घरीच येऊन गेलेली बरी. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, पेलाभर पाण्यासोबत, हळूहळू वाढवत. सुरुवातीला गॅस होतो, तेव्हा परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदा घेऊ नका. मेबेव्हरिन ही पोटातली कळ कमी करणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणाआधी 20 मिनिटं.