'डिअर' आणि 'मृग' : शब्दार्थांच्या कार्डांची या महिन्याची नोंद

गेल्या महिन्यात हाती घेतलेला 'डिअर' हा इंग्रजी शब्द अजून हातावेगळा झालेला नाही. पण त्यातली मोठी गाठ सुटली आहे.

आज हरीण असा अर्थ असलेला हा शब्द जुन्या इंग्रजीत 'देओर' असा होता आणि त्याचा अर्थ कोणताही पशू, विशेषतः रानातला, असा होता. जर्मन 'टिअर' आणि स्वीडिश 'यूर' या त्याच्या भावंडांचा अर्थ आजही नुसता प्राणी असाच आहे. इंग्रजी 'ड'च्या जागी जर्मनमध्ये 'ट' येणे हा योगायोग नव्हे, हे 'डे-टाग', 'डोअर-ट्यूर' या जोड्या शेजारी मांडल्या की स्पष्ट दिसते. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये वेड्याचे सोंग घेतलेला एडगर उंदीर, घुशी आणि तसल्याच बारीकसारीक 'डिअर'वर सात वर्षे काढल्याचे सांगतो. तेथे हरीण हा अर्थ घेतला, तर ओळ लागतच नाही.

१०६६मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून 'बीस्ट' आला, पुढे लॅटिनमधला 'अ‍ॅनिमल' रुळला आणि शिकारीत हरणाचा मान मोठा असल्यामुळे जुना शब्द त्याच्यापाशीच उरला.

मला सर्वाधिक आनंद झाला तो 'मृग' या शब्दाचे कार्ड याच्या शेजारी ठेवताना. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विष्णूला 'मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः' असे म्हटले आहे, आणि डोंगरात वावरणारा हा भयंकर मृग हरीण असणे शक्यच नाही. सिंहाला मृगराज, माकडाला शाखामृग आणि शिकारीला मृगया म्हणतात, ते याच जुन्या अर्थामुळे. दोन शब्दांचे मूळ वेगळे, पण दोघेही रानातल्या सगळ्या पशूंपासून निघून हरणापाशी येऊन थांबले.

एक दुरुस्तीही नोंदवतो. 'रेनडिअर'च्या कार्डावर मी पूर्वी लगामाचा (इंग्रजी 'रेन' म्हणजे लगाम) संबंध लिहिला होता, तो चुकीचा आहे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'ह्रेन' हे त्या प्राण्याचेच नाव आहे.

आता 'व्हेनिसन' घेतला आहे. लॅटिनमधल्या शिकारीच्या शब्दावरून आलेले हे नाव एके काळी शिकारीच्या कोणत्याही मांसाला चालत असे, आज ते मुख्यतः हरणाच्या मांसाचे आहे. त्यानंतर आपले 'जनावर': खेड्यात रात्री कोणी 'जनावर निघालं' म्हणाले, की ऐकणारा गाय-बैल नव्हे, तर साप शोधू लागतो.