गाडीच्या बल्बपासून निघालेली वाटचाल

बुधवार पेठेत बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तापकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, चारला चहा, आणि सहानंतर शटर अर्धं ओढून हॅम रेडिओ, म्हणजे हौशी मंडळींचा आपापसांत बोलण्याचा रेडिओ. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले तसं दिवसाचं गिऱ्हाईक आटलं, सहानंतरचं मात्र वाढत गेलं. आजचा आमचा धंदा, रेडिओला जास्तीच्या जोरदार सिग्नलपासून वाचवणाऱ्या छोट्या डब्यांचा, त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत आला.

निमित्त झालं एका शिबिराचं. सिंहगडाच्या बाजूला एका टेकडीवर बाबांच्या मित्रमंडळींनी दोन रेडिओ मांडले होते. तारेच्या दोन अँटेना, मध्ये जेमतेम ३० मीटर. एकावर ७ मेगाहर्ट्‌झला १०० वॅटने बोलणं चालू, दुसऱ्यावर १४ मेगाहर्ट्‌झला ऐकणं. दुसऱ्या दिवशी ऐकणारा रेडिओ बहिरा झाला. पडदा उजळायचा, स्पीकर सुरसुरायचा, फक्त स्टेशनं नव्हती.

बाबांनी तो दुकानात उघडला तेव्हा टॉर्च मी धरला होता. जळका वास नाही, काळा डाग नाही. अँटेनाकडून येणारा पहिलाच ट्रान्झिस्टर गेलेला. "पण बँड तर वेगळा होता," असं सगळ्यांचं म्हणणं. बाबांनी पुठ्ठ्यावर हिशोब मांडला. १०० वॅटचा शंभरावा हिस्सा शेजारच्या अँटेनात उतरला तरी तो एक वॅट होतो. ५० ओहमवर एक वॅट म्हणजे शिखराला १० व्होल्ट. हाच रेडिओ ज्याला जोरदार सिग्नल म्हणतो तो सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवरचा एस-नाइन असतो ५० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा. आणि नको त्या बँडला गाळून टाकण्याचं खरं काम आत, पुढे होतं. दारातल्या ट्रान्झिस्टरला जे येईल ते अंगावर घ्यावंच लागतं. बाबा म्हणाले, कुजबूज ऐकायला दाराला कान लावावा आणि पलीकडून कुणी ताशा बडवावा, तसं झालं हे.

आमचा पहिला माल त्या पुठ्ठ्यावरच जन्मला. वन एन ४१४८ जातीचे दोन साधे डायोड, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारे भाग, एकमेकांना उलटे, अँटेना आणि अर्थिंगच्या मध्ये. सातएक दशांश व्होल्टच्या वर दाब गेला की ते उघडतात आणि जास्तीचं जमिनीला घालवतात. हे जुनंच, कुठल्याही हॅमला ठाऊक असलेलं. पण डायोडलाही सोसण्याची मर्यादा असते, म्हणून बाबांनी त्यांच्या आधी, ओळीत, मोटारीच्या मीटरमध्ये असतो तो १२ व्होल्ट, १.२ वॅटचा छोटा बल्ब घातला. नाना पेठेत किरकोळ पैशात मिळायचा. थंड असताना या बल्बचा रोध दहा-बारा ओहम. सिग्नल त्यातून एखादा डेसिबल गमावून निघून जातो, कानाला फरकही कळत नाही. एक वॅट आला की तार तापते, रोध दसपट होतो, प्रवाह आपोआप आवळला जातो. वर बल्ब लागतो, म्हणजे कळतं तरी की काहीतरी चुकतंय. पाच वॅट आले तर बल्ब फार वेळ तग धरत नाही, उडतो. उडू दे. बल्ब उडाला की वाट तुटते, रेडिओ वाचतो.

सुरुवातीला ओळखीत वाटले, मग विकायला लागलो. २०१२ मध्ये टीव्हीचे स्वस्त डाँगल संगणकाला लावून रिसीव्हर म्हणून वापरता येतात हे लोकांना कळलं, आणि मागणी एकदम बदलली. हे डाँगल फार नाजूक. दहा मिलिवॅटच्या पुढे त्यांच्याकडून काही अपेक्षाच करू नये. टीव्ही दुकानाच्या मुलीला टीव्हीच्याच डाँगलने धंद्यात ओढलं. मी तेव्हा नोकरी सोडली. आई वर्षभर बोलत होती.

मग मालाडहून तक्रार आली. गृहस्थ मार्वे रोडच्या बाजूला राहणारे. आमची डबी लावल्यापासून ३६१८ किलोहर्ट्‌झवर आकाशवाणीचे दोन कार्यक्रम एकात एक मिसळून ऐकू येतात, डबी काढली की गप्प. बाबांना आधी राग आला, मग आकडेमोड सुचली. त्या भागात आकाशवाणीचे मध्यम लहरींचे ट्रान्समीटर, १०४४ आणि ५५८ किलोहर्ट्‌झचे. १०४४ ची चौपट ४१७६, त्यातून ५५८ वजा केले की बरोबर ३६१८. दोन बलाढ्य स्टेशनं आमच्या डायोडना सतत अर्धवट उघडत होती, आणि अर्धवट उघडा डायोड हा उत्तम मिक्सर असतो, दोन सिग्नल मिसळून नवेच तयार करणारा. रेडिओ वाचवायला बसवलेली वस्तू स्वतःच नको ती स्टेशनं तयार करत होती.

या एका तक्रारीने आम्हाला बाकी सगळ्या वर्षांपेक्षा जास्त शिकवलं. मी डबी घेऊन मालाडला गेले, त्यांच्या गच्चीवर दुपारभर बसले. तोडगा दोन भागांत निघाला. डायोडच्या आधी मध्यम लहरी अडवणारा फिल्टर, आणि प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन डायोड ओळीत, म्हणजे ते दुप्पट दाबाला उघडतील. पण दाब दुप्पट म्हणजे शक्ती चौपट: पाचएक मिलिवॅटऐवजी वीसच्या घरात आत जाणार. मोठ्या रेडिओला ते चालतं, डाँगलला नाही. म्हणून आजही आमच्याकडे दोन वेगळ्या डब्या आहेत, आणि "दोन्हीला चालणारी एकच द्या ना" म्हणणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. फिल्टरची टोरॉइड, म्हणजे गोल चुंबकीय कड्यांवरची तारेची वेटोळी आई घालते. हो, तीच आई. एक वेढा कमी पडला तर चाचणीआधी तीच सांगते.

फजितीही सांगायला हवी. एकदा बल्बच्या खोक्यात तशाच बुडाचे, तशाच काचेचे एलईडी आले. हाताखालच्या नव्या मुलाने एकवीस डब्यांत ते बसवले, मी न तपासता पाठवले. एलईडी उघडायलाच दोन-तीन व्होल्ट लागतात, मायक्रोव्होल्टचा सिग्नल त्यातून काय जाणार? आठवडाभर फोन: "ताई, रेडिओ एकदम सुरक्षित आहे, काहीच ऐकू येत नाही." एकवीसही परत मागवल्या, टपालखर्च आमचा. तेव्हापासून प्रत्येक नगातून आधी बारीक सिग्नल जातो का ते बघतो, मग एक वॅट सोडून बल्ब लागतो का ते.

विजेबद्दल फार विचारतात. विजेपासून वाचायला अँटेनाला लावायची गॅस ट्यूब साधारण ९० व्होल्टला पेटते. शेजाऱ्याच्या १० व्होल्टला ती ढुंकून बघत नाही. उलट आमची डबी ढगातल्या विजेपुढे काहीच नाही. डबीवर "वीज-संरक्षक" छापा, खप दुप्पट होईल, असं एका वितरकाने सुचवलं होतं. बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मळभ आलं की केबल काढून ठेवा, हे आम्ही डबीतल्या चिठ्ठीवर छापतो.

ऑर्डर घेण्याआधी मी तीन गोष्टी विचारते: किती वॅट, कुठला बँड, दोन अँटेनांत अंतर किती. ज्याचा बोलण्याचा आणि ऐकण्याचा सेट दोन्ही स्वतःचेच, त्याला बरेचदा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पुरतो. फक्त वीज बंद असताना तो रिसीव्हरची वाट जमिनीला जोडून ठेवणारा हवा. फोनवर काही काका अजून सवयीने "ओएम" (ओल्ड मॅन, हॅम मंडळींची पुरुषाला हाक) म्हणतात, मग चपापून "वायएल" (यंग लेडी) करतात. मला दोन्ही चालतं.

सध्याची अडचण बल्बचीच आहे. गाड्यांच्या मीटरमधून तारेचे बल्ब निघून गेले. नाना पेठेतले शेठ सांगतात, मागच्या माळ्यावर आणखी दोन खोकी असतील. आपोआप पूर्ववत होणारे फ्यूज लावून आम्ही चाचण्या घेतोय. रोध ठीक बसतो, पण ते बल्बपेक्षा उशिरा जागे होतात आणि लागत तर नाहीतच. बाबांना ते पसंत नाहीत. शनिवारी माळ्यावर चढायला ते स्वतः जाणार म्हणतात, वय ७४.