रक्तातलं शिसं तपासताना गेलेले साडेसहा आठवडे

साडेसहा आठवडे लागले. रक्तातलं शिसं मोजायला नव्हे, ते काम प्रयोगशाळेनं चार दिवसांत केलं. सगळा वेळ गेला तो एका नळीपायी.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमची चित्रशाळा आहे, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा, आजोबांपासूनची. आषाढ लागला की चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, आमचं जेवणखाण, झोप सगळं मूर्तींच्या रांगेत. माझी पाच वर्षांची लेक रंगाच्या वाट्या धुते आणि तेच हात तोंडाला लावते. बाबांच्या नखांच्या कडेला बसलेला शेंदरी रंग दिवाळीपर्यंत सुटत नाही. पूर्वीचे रंग तर उघड विषारीच होते. शेंदूर हे शिशाचं संयुग, हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक. आता डब्यातले रंग आले. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण बाजारातल्या सुट्या पुडीवर काहीच छापलेलं नसतं. रंगात काय आहे ते रंग तपासून कळेल, पण माणसाच्या अंगात किती गेलं ते रक्तच सांगतं. म्हणून आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, चार चित्रशाळांतल्या अकरा जणांनी मिळून तपासणी करायचं ठरवलं.

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. ११ तारखेला आम्ही रक्त दिलं. तारीख मुद्दाम धरली होती, कारण रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं. त्यातलं काही हाडांत जाऊन बसतं आणि तिथं वर्षानुवर्षं राहतं. हंगामात किती गेलं हे बघायचं तर रंगकाम संपल्या संपल्याच रक्त द्यायला हवं.

आठ दिवसांनी फोन आला, ‘अकराही सॅम्पल रिजेक्ट.’ सॅम्पल घेणाऱ्या केंद्रातल्या मुलानं नेहमीच्या पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन, यंत्रात फिरवून, वरचं पाणी मुंबईच्या प्रयोगशाळेला पाठवलं होतं. रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे या तपासणीला अख्खं रक्त लागतं. त्या प्रयोगशाळेला हवी होती गडद निळ्या झाकणाची, धातूचा अंश नसलेली नळी. ती केंद्रात नव्हती. ‘मागवतो, दोन दिवसांत येईल.’ दोन दिवसांनी गेलो तर ‘सोमवारी या’. सोमवारी दुसराच माणूस बसलेला, त्याला कसली नळी तेच माहीत नव्हतं. मी प्रयोगशाळेचं माहितीपत्रक छापून त्याच्या टेबलावर ठेवलं. पुढच्या खेपेला तो कागद तिथंच पालथा पडला होता आणि त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता. एकानं तर सुचवलं, केस द्या, सोपं पडेल. केसांवर बाहेरून रंग बसलेला असतो, तो आकडा आम्हाला काय सांगणार? सहा खेपा झाल्या. प्रत्येक वेळी पाच-सहा माणसांचा कामाचा दिवस बुडाला. शेजारच्या आजींनी तर सरळ सांगितलं, ‘बाबा, मी आता येत नाही.’ मला राग नळी नव्हती याचा आला नाही. दर दिवसागणिक आकडा खाली सरकतोय आणि समोरच्याला त्याचं काहीच नाही, हे सहन होत नव्हतं.

शेवटी मी थेट मुंबईच्या प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दहा नळ्या कुरियरनं पाठवल्या. २६ ऑक्टोबरला रक्त दिलं, तेव्हा वाड्यावरची पोरं दिवाळीला जाळायचा नरकासुर बांधत होती.

बोटाला टोचून तपासणी मिळत असेल तर रंगकाम करणाऱ्यांनी आधी हात साबणानं घासून धुवावेत. कातडीवरचा रंग थेंबात मिसळला तर आकडा उगाच फुगतो. खात्रीसाठी शिरेतूनच रक्त द्यावं.

लेकीचा आकडा आला ६.८, बाबांचा १४. एकक नीट बघा. आमचा अहवाल मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता. काही ठिकाणी प्रति लिटर लिहितात, तो आकडा दहापट दिसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ किंवा वर असेल तर शिसं कुठून येतं ते शोधा आणि थांबवा. अमेरिकेत मुलांसाठी ३.५ हा आकडा धरतात. हे आकडे सुरक्षित हद्द म्हणून नाहीतच, शिशाला तशी हद्दच नाही. अन्नातून गेलेलं शिसं मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं. चवथीच्या आठवड्यात लेकीच्या रक्तात किती होतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. लोह आणि कॅल्शियम पोटात जाऊ द्या म्हणाले, आणि पुन्हा तपासा. यंदा चित्रशाळेत झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसतो. सँडपेपर मारायचं काम मुलं शाळेत असताना, अंगणात. जेवण माजघरात. सुट्या पुड्या आणणं बंद केलं, आणि इतर तीन घरांनीही.

२०२५ ची चवथ २७ ऑगस्टची. निळ्या झाकणाच्या बारा नळ्या मी जूनमध्येच मागवल्या, मुदतीची तारीख बघून. त्या कपाटात कुंचल्यांच्या वरच्या फळीवर ठेवल्यात. १ सप्टेंबरला येते, असं आजींनी परवा आपणहून सांगितलं.