नॅरोबोटीने लँगॉथ्लेन कालवा : चार रात्री आणि एक गुंतलेला प्रोपेलर

इंग्लंडमधल्या एल्समिअरहून वेल्समधल्या लँगॉथ्लेन गावाकडे निघून दोन तासही झाले नव्हते, तोच इंजिनाचा आवाज जड झाला. टिलर, म्हणजे बोट वळवायचा दांडा, हातात थरथरू लागला आणि बोट जागच्या जागी रेंगाळली. प्रोपेलरमध्ये काहीतरी अडकलं होतं. कालव्यावर जाणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

बोट काठाला घ्या, इंजिन बंद करा आणि किल्ली काढून, ज्याचा हात पाण्यात जाणार आहे त्याच्याच खिशात ठेवा. मागच्या डेकखाली वीड हॅच असतं. त्याचं झाकण उघडलं की हात थेट प्रोपेलरपर्यंत पोचतो. दादाने खांद्यापर्यंत हात घालून आधी नुसतं चाचपलं, मग ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने प्लॅस्टिकची गोणी आणि निळी दोरी तुकड्यातुकड्याने काढली. पाऊण तास लागला, बोटं गारठून गेली. पण खरी काळजी पुढे असते. झाकण परत बसवल्यावर ते घट्ट आहे का, हे दोघांनी तपासा. सैल राहिलं तर प्रोपेलरने उसळवलेलं पाणी आत शिरतं आणि बोट बुडू शकते. जाड रबरी हातमोजे घरूनच न्या.

आम्ही चौघं होतो : मी, माझा नवरा, मँचेस्टरला राहणारा दादा आणि वहिनी. नॅरोबोट म्हणजे कालव्यांसाठीची अरुंद बोट. आमची ५७ फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही, निघताना शिकवतात. टिलर डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं, हे अंगवळणी पडायला अर्धा दिवस लागतो. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा, आणि तोही बराच आधी. समोरून बोट आली की उजवीकडून जायचं. फार काठाला गेलात तर तळ चिखलात रुततो. आमचा रुतला तेव्हा जोर लावून पुढे जायचा प्रयत्न चुकला. सगळे पाण्याकडच्या बाजूला उभे राहिलो, रिव्हर्स टाकला, बांबूने काठाला रेटलं, तेव्हा सुटलो.

वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, पण बांधलेल्या बोटींशेजारून त्याहून पुष्कळ सावकाश जा. पहिल्या सकाळी कोणीतरी जोरात गेलं आणि आमची पुढची खुंटी उपटून बोटीचं नाक पार कालव्याच्या मध्यात गेलं. तेव्हापासून आम्ही खुंट्या खोल ठोकल्या आणि दोर सरळ न बांधता पुढे-मागे तिरके ताणले.

या वाटेवर लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे गेटबंद हौद, दोनच, न्यू मार्टनचे. नवख्यांना हा कालवा सुचवण्याचं माझं मोठं कारण हेच. चढताना लॉकच्या तोंडाशी बाजूने जादा पाण्याचा लोट येतो, तो नाक भिंतीवर ढकलतो. आमचे कप तिथेच फुटले. आत शिरण्याआधी ओट्यावरचं सगळं खाली ठेवा. उतरताना मात्र वरच्या गेटच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो, त्याकडे डोळे हवेत. बोटीचं बूड त्यावर अडकलं आणि पाणी उतरत राहिलं, तर बोट पुढे कलंडते. भिंतीवर त्याची खूण रंगवलेली असते. बोट तिच्या पुढेच ठेवा. पॅडलपाशी, म्हणजे लॉकमधलं पाणी सोडायच्या झडपेपाशी, उभ्या माणसाने टिलरवाल्याकडे सतत बघत राहावं आणि ‘बंद!’ ऐकताच पॅडल पाडावं. पॅडल फिरवायचा दांडा, म्हणजे विंडलास, दोन घ्या. हातातून निसटला की तो थेट पाण्यात जातो.

आमच्या बोटीवर मिक्सर चालण्याइतकी वीज नव्हती. वहिनीने दाण्याची चटणी, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी आणली होती, त्यावर आमचं उत्तम भागलं. पाण्याची टाकी नळ दिसेल तिथे भरा. रात्री आठनंतर इंजिन चालवू नका, शेजारी लोक झोपलेले असतात.

चर्कचा बोगदा ४२१ मीटरचा आणि एकाच बोटीपुरता रुंद. समोर दिवा दिसत नाही ना, हे बघूनच शिरा. त्यानंतर पाँटकसथ्लटेचा जलसेतू. जेसप आणि टेलफर्ड या अभियंत्यांचं हे काम १८०५ साली पूर्ण झालं : १८ कमानी, ३०७ मीटर लांबी, आणि डी नदी ३८ मीटर खाली. पाणी ओतीव लोखंडाच्या कुंडातून वाहतं. एका बाजूला कठडा आणि पायवाट, दुसऱ्या बाजूला कुंडाची वीतभर कड, पुढे नुसती हवा. नवऱ्याला उंचीची भीती, तो पायवाटेने चालत आला. तसं करायला काहीच हरकत नाही. मी टिलर धरला होता आणि पूर्ण वेळ कोणाशी एक शब्द बोलले नाही.

जलसेतूपलीकडच्या ट्रेवर गावाच्या पुढे कालवा इतका अरुंद होतो की काही ठिकाणी दोन बोटी मावत नाहीत. एकाला फोन घेऊन पुढे चालत पाठवा. इथे प्रवाहही चांगलाच जाणवतो, जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ धरा. लँगॉथ्लेनच्या पुढे इंजिनाच्या बोटीला मज्जाव आहे, पण तिथून परतू नका. काठाकाठाने तासाभरात हॉर्सशू फॉल्सपर्यंत चालत जाता येतं. डी नदीवर टेलफर्डने घातलेला अर्धवर्तुळाकार बांध तिथे आहे. दोन दिवस ज्या प्रवाहाविरुद्ध आम्ही बोट रेटली, ते पाणी तिथूनच कालव्यात शिरतं. आम्ही गवतात बसून उरलेलं थालीपीठ खाल्लं आणि बराच वेळ ते बघत राहिलो.