व्हिक्टरचा वकील

स्मरणिकेत बाकी सगळे स्नेहसंमेलन आणि सहलींबद्दल लिहिणार हे माहितीये, म्हणून मी आमच्या नववीच्या वर्गात भरलेल्या कोर्टाबद्दल लिहितो. इंग्रजीच्या सरांना ऑफ पिरियड मिळाला की ते फ्रँकेनस्टाइनची गोष्ट मराठीतून सांगायचे, हप्त्याहप्त्याने. लायब्ररीत त्याची एक बारीकशी संक्षिप्त कॉपी होती पण अर्धी गोष्ट त्यात नव्हतीच, ती सरांना तोंडपाठ. आणि हे लिहिलं कुणी, तर मेरी शेली नावाच्या अठरा वर्षांच्या पोरीने लिहायला घेतलं, हे ऐकून मुलींची कॉलर ताठ! १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनच्या बंगल्यात पावसाने कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं, त्यातून हे पुस्तक. १८१८ ला छापलं तेव्हा त्यावर तिचं नावही नव्हतं.

तर कोर्ट. आरोपी व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन, आणि वकील मी, कारण मी सायन्सवाला, मला तो आवडायचाच. पोरगा जर्मनीत इंगोलस्टाटला शिकायला जातो, जवळपास दोन वर्षं झोप नाही जेवण नाही, मेलेल्यांचे अवयव गोळा करून आठ फुटी माणूस उभा करतो, यात गुन्हा काय? माझा मुद्दा हाच होता, महत्त्वाकांक्षा म्हणजे पाप नाही. आजही माझं तेच मत आहे.

पण समोरच्या बाजूने जी मुलगी उभी राहिली (आता ती खरंच कोर्टात वकिली करते, नाव घेतलं तर ओरडेल) तिने प्रयोगाला हातच लावला नाही. तिने काढलं जस्टिनचं प्रकरण. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा खून होतो, त्याच्या गळ्यातलं आईचं चित्र घरच्या मोलकरणीच्या, जस्टिनच्या कपड्यात सापडतं. तिथे ते ठेवलेलं असतं व्हिक्टरनेच घडवलेल्या त्या राक्षसाने. व्हिक्टरने त्याला रात्री आकाशात वीज चमकली तेव्हा बघितलेलं असतं, त्यामुळे खुनी कोण हे त्याला पक्कं ठाऊक. तरी गप्प. मी म्हणालो, सांगितलं असतं तर लोकांनी वेडाच ठरवला असता त्याला. पुस्तकात तो स्वतःही हेच कारण देतो.

ती म्हणाली, "मग त्याच्या होणाऱ्या बायकोला, एलिझाबेथला काय माहिती होतं? काहीच नाही. तरी ती कोर्टात जस्टिनच्या बाजूने बोलली ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जस्टिन फाशी जाते, आणि व्हिक्टर काय म्हणतो, तर आरोपीच्या यातना माझ्या यातनांची बरोबरी करू शकत नाहीत!! म्हणजे पश्चात्तापातही ह्याचाच पहिला नंबर. सरांनी ते वाक्य मूळ इंग्रजीतून वाचून दाखवलं तेव्हा माझ्या बाजूची पोरंपण हसली.

कॉलेजला गेल्यावर मी पुस्तक पूर्ण वाचलं. हा माणूस पानोपानी रडतो, मीच खुनी मीच खुनी म्हणतो, पण ज्या क्षणी तोंड उघडायला पाहिजे तेव्हा एकतर आजारी पडतो नाहीतर पळतो, आणि शेवटी मरताना उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजाच्या कॅप्टनला, वॉल्टनला सांगतो की महत्त्वाकांक्षा टाळ, लगेच पुढच्या वाक्यात, मला नाही जमलं पण दुसऱ्या कुणाला जमेलही. शिवाय माझ्या वागण्यात मला दोष दिसत नाही, हे वर! क्षमा मागतो तो राक्षस, तीही व्हिक्टर मेल्यावर, त्याच्या प्रेतापाशी. तीन खून केलेत त्याने स्वतःच्या हाताने, धुतल्या तांदळासारखा वगैरे नाहीच तो, पण आपण काय केलं हे तो उघड बोलतो.

केस मी हरलो, वर्गाने हात वर करून निकाल दिला. आता परत उभा राहिलो तर वॉल्टनच्या खलाशांना साक्षीला बोलवीन. बर्फात अडकलेले, कितीतरी सोबती मेलेले, ते कॅप्टनला म्हणतात वाट मोकळी झाली की घरी चला, तर अर्धमेला व्हिक्टर उठून त्यांनाच भाषण देतो, मर्द व्हा, मागे फिरू नका! वॉल्टन जहाज फिरवतो ते खलाशी अडून बसले म्हणून. ही साक्ष अशिलाच्या विरोधात जाईल ते दिसतंय मला, पण बोलवायची तर त्यांनाच.